प्रोस्टेट कॅन्सर, नंतरचे त्रास आणि व्हीएचं अपील: अमेरिकी माजी सैनिकांच्या मराठी घरांतून येणारे प्रश्न

अमेरिकेच्या सैन्यात नोकरी झाली आणि पुढे प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, अशा माणसाच्या घरच्यांसाठी हे लिहिलं आहे. व्हीए म्हणजे अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं. नोकरीमुळे झालेल्या आजाराचा दावा केला की ते त्याला टक्के देतं, आणि त्या टक्क्यांवरून महिन्याची भरपाई ठरते. आपल्या मराठी घरांतही अशी माणसं आहेत. कुणी ग्रीन कार्डावर असतानाच भरती झालं, कुणी इथेच जन्मून इराक-अफगाणिस्तानात जाऊन आलं, तर कुणाचे सासरे किंवा व्याही व्हिएतनामच्या काळातले आहेत. माझ्या सासऱ्यांच्या कागदपत्रांपासून मी या कामात पडले आणि आता ओळखीपाळखीच्या इतर घरांबरोबरही बसते. मी वकील नाही. तुमच्या प्रकरणात शेवटचं पाऊल मान्यताप्राप्त प्रतिनिधीला विचारूनच टाका.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण खालची निम्मी उत्तरं तिच्याभोवतीच फिरतात. या दाव्यांचं सर्वांत मोठं नुकसान संकोचामुळे होतं. लघवी गळते, रात्री पाच वेळा उठावं लागतं, शरीरसंबंध थांबले आहेत, हे माणूस डॉक्टरला सांगत नाही. डॉक्टर लिहीत नाही, आणि जे लिहिलेलं नाही त्याचे टक्के व्हीए देत नाही.

प्रोस्टेट कॅन्सर आणि सैन्यातली नोकरी यांचा संबंध व्हीए कशावरून मानतं?

व्हिएतनामच्या जंगलांवर १९६२ ते १९७१ या काळात विमानांतून तणनाशकं फवारली गेली. त्यातलं एजंट ऑरेंज हे सर्वांना माहीत असलेलं. त्यात डायॉक्सिन हे विषारी द्रव्य होतं. १९९६ साली व्हीएने प्रोस्टेट कॅन्सर एजंट ऑरेंजच्या गृहीत आजारांच्या यादीत घातला. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात तुम्ही व्हिएतनाममध्ये होता, एवढं दाखवलं की पुरे. फवारा अंगावर पडला होता का, पिंपं हाताळली होती का, हे सिद्ध करावं लागत नाही. कॅन्सर नोकरीनंतर पन्नास वर्षांनी निघाला तरी चालतं. वडिलांना किंवा भावाला हाच आजार होता म्हणून दावा आपोआप पडत नाही. सैन्यातून बाहेर पडतानाचा शेरा मात्र अप्रतिष्ठेचा नसावा.

आमचे सासरे व्हिएतनामच्या जमिनीवर उतरलेच नाहीत, नौदलाच्या जहाजावर होते. पूर्वी दावा नाकारला होता.

मग तो पुन्हा उघडाच. २०१९ मध्ये प्रोकोपियो खटल्याचा निकाल लागला आणि त्याच वर्षी ब्लू वॉटर नेव्ही कायदा झाला. १ जानेवारी २०२० पासून किनाऱ्यालगतच्या ठरलेल्या रेषेपासून १२ सागरी मैलांच्या आत असलेल्या जहाजांवरचे खलाशीही यात धरले जातात. जहाज कोणत्या दिवशी कुठे होतं हे जहाजाच्या नोंदवहीतून निघतं. नेहमर नावाच्या खटल्यातल्या आदेशांमुळे अशा जुन्या नकारांत थकबाकी कधीकधी पहिल्या दाव्याच्या तारखेपर्यंत मागे जाते. म्हणून १९९८ किंवा २००६ सालचं नकाराचं पत्र रद्दीत टाकू नका. ते हाती असेल तर प्रतिनिधीला सर्वांत आधी तेच दाखवा.

थायलंड, कोरिया, ग्वाम इथे नोकरी केलेल्यांचं काय?

१० ऑगस्ट २०२२ रोजी सही झालेल्या पॅक्ट कायद्याने ही यादी वाढवली. थायलंडमधले अमेरिकी किंवा थाई तळ ९ जानेवारी १९६२ ते ३० जून १९७६ या काळासाठी, आणि ग्वाम व अमेरिकन सामोआ ९ जानेवारी १९६२ ते ३१ जुलै १९८० या काळासाठी धरले जातात. लाओस, कंबोडिया आणि जॉन्स्टन बेटाच्या तारखा वेगळ्या आणि आखूड आहेत. कोरियातल्या निर्लष्करी पट्ट्याजवळ १ सप्टेंबर १९६७ ते ३१ ऑगस्ट १९७१ या काळात असलेले लोकही बसतात. थायलंडवाल्यांना पूर्वी आपली नोकरी तळाच्या कुंपणाजवळ होती हे दाखवावं लागायचं आणि त्यावर कितीतरी दावे पडले. आता ती अट राहिलेली नाही.

मुलगा आखाती युद्धात किंवा ९/११ नंतर गेला होता. त्याला प्रोस्टेट कॅन्सर झाला तर?

पॅक्ट कायद्याने उघड्यावर कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुरासाठीही आजार गृहीत धरले आहेत. त्यात प्रजननसंस्थेचा कोणताही कॅन्सर येतो आणि प्रोस्टेट त्यात मोजला जातो. २ ऑगस्ट १९९० पासून इराक, कुवेत, सौदी अरेबिया, कतार, ओमान, बहारीन, अमिरात, सोमालिया, आणि ११ सप्टेंबर २००१ पासून अफगाणिस्तान, जॉर्डन, सीरिया, येमेन, उझबेकिस्तान, जिबूती, इजिप्त, लेबनॉन इथली नोकरी धरली जाते. या पिढीतले लोक आता पन्नाशीत येत आहेत, म्हणजे प्रोस्टेटच्या तपासण्या सुरू होण्याच्या वयात.

आम्ही यातल्या कुठल्याच यादीत बसत नाही.

तरी वाट बंद नाही, फक्त चढ जास्त आहे. डॉक्टरचं असं मत लागतं की कॅन्सर नोकरीमुळे झाल्याची शक्यता निदान पन्नास टक्के तरी आहे, आणि त्या मतामागची कारणंही त्यात लिहावी लागतात. नुसतं ‘संबंध असू शकतो’ असं पत्र कामाचं नाही. किरणोत्सर्गाशी संपर्क आला असेल तर प्रोस्टेट कॅन्सर त्या वेगळ्या नियमातल्या आजारांत आहे, पण तिथे मात्रेचा हिशेब होतो. कॅम्प लेजून या लष्करी तळावरच्या दूषित पाण्याच्या गृहीत आजारांत प्रोस्टेट नाही. तिथल्या लोकांनाही डॉक्टरचं मतच मिळवावं लागतं. पारडी दोन्हीकडे सारखी असतील तर कायद्याने शंकेचा फायदा माजी सैनिकाला मिळतो, हे मात्र सगळीकडे लागू आहे.

कॅन्सर निघाल्यावर १०० टक्के मिळाले होते. आता ते कमी करतात म्हणजे काय? माणूस बरा कुठे झालाय?

माझ्याकडे येणारा सर्वांत दुखरा प्रश्न हाच. कॅन्सर सक्रिय असेपर्यंत १०० टक्के. शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमो किंवा दुसरा उपचार संपला की तेच १०० टक्के चालू राहतात आणि सहा महिन्यांनी व्हीएची सक्तीची तपासणी होते. कॅन्सर परत आलेला नसेल, पसरलेला नसेल, तर त्यापुढे कॅन्सरला टक्के नसतात. टक्के मिळतात ते मागे राहिलेल्या त्रासांना: लघवीच्या तक्रारींना किंवा मूत्रपिंडाच्या बिघाडाला, यांपैकी जो त्रास जास्त असेल त्याला.

घरच्यांना हे अन्यायाचं वाटतं. कॅन्सर गेला म्हणून पेढे वाटावेत, तर त्या तपासणीमागोमाग पैसे कमी होण्याचं पत्र येतं. पण नियम असा आहे हे मान्य करून पुढची तयारी त्या सहा महिन्यांतच करायची असते. ज्यांनी या काळात डॉक्टरला सगळं सांगून ठेवलं, त्यांचे टक्के साठावर थांबले. गप्प राहिलेले वीसवर आले. दोघांचा त्रास सारखाच होता, हे मी जवळून पाहिलं आहे.

टक्के कमी करण्याच्या प्रस्तावाचं पत्र आलं आहे. लगेच अपील करायचं?

प्रस्तावावर अपील होत नाही. अपील होतं ते अंतिम निर्णयावर. पण हातावर हात ठेवून बसायचं नाही. पत्राच्या तारखेपासून ६० दिवस पुरावा द्यायला मिळतात, आणि पहिल्या ३० दिवसांत तुम्ही सुनावणी मागू शकता. वेळेत सुनावणी मागितली तर ती होऊन निर्णय लागेपर्यंत रक्कम आहे तशीच चालू राहते. हे ३० दिवस बहुतेकांचे ‘बघू, पुढच्या आठवड्यात लेकाला विचारू’ यातच जातात. पत्र फोडलं त्याच दिवशी त्यावर तारीख लिहा आणि ३० मोजा.

आणखी एक: सहा महिन्यांनंतरच्या तपासणीला गैरहजर राहू नका. तब्येत बिघडली असेल, भारतात गेला असाल, तर आधी कळवून तारीख बदलून घ्या. कारण न देता चुकवलेल्या तपासणीमुळे पैसे कमी होतात आणि मग ते परत मिळवायला अपीलच करावं लागतं.

लघवीच्या त्रासाची टक्केवारी नेमकी कशी ठरते?

तीन तक्ते आहेत. त्यातला तुम्हाला जास्त टक्के देणारा एकच लागतो, तिन्हींची बेरीज होत नाही.

गळती असेल तर पॅड किंवा डायपर दिवसात किती वेळा बदलावे लागतात हे पाहतात. दोनपेक्षा कमी असतील तर २० टक्के, दोन ते चार असतील तर ४०, चारपेक्षा जास्त असतील किंवा पिशवी-कॅथेटरसारखं साधन वापरावं लागत असेल तर ६०.

वारंवार लागत असेल तर दिवसा दोन ते तीन तासांनी जावं लागणं किंवा रात्री दोनदा उठणं याला १० टक्के. एक ते दोन तासांनी, किंवा रात्री तीन-चारदा उठणं याला २०. तासाच्या आत, किंवा रात्री पाच किंवा जास्त वेळा उठणं याला ४०.

तिसरा तक्ता अडकण्याचा आहे. कॅथेटर घालून लघवी काढावी लागत असेल तर ३० टक्के. त्याखाली १० आणि शून्य.

म्हणजे गळती असलेल्या माणसाचं नशीब बहुतेक वेळा एका आकड्यावर ठरतं: दिवसाला पॅड किती. चार की पाच, यात २० टक्क्यांचा फरक आहे. २०२५ च्या दरांनी एकट्या माणसाला ४० टक्क्यांवर महिन्याला ७७४.१६ डॉलर आणि ६० टक्क्यांवर १,३९५.९३ डॉलर मिळत होते. एका पॅडमागे महिन्याला सहाशे डॉलरच्या वर फरक पडतो, आणि हा आकडा अनेक फायलींमध्ये कुणीतरी घाईत विचारलेला आणि कुणीतरी लाजून अर्धा सांगितलेला असतो.

मग तो आकडा दाखवायचा कसा?

लिहून. माझ्या सासूबाईंनी फ्रिजवर बँकेचं कॅलेंडर लावलं होतं. दिवसाच्या चौकटीत वरच्या कोपऱ्यात पॅड बदलला की एक रेघ, खालच्या कोपऱ्यात रात्री उठले की एक टिंब. काही दिवस सहा रेघा, काही दिवस चार, पाहुणे आले त्या दिवशी तीन आणि बाजूला बारीक अक्षरात ‘बाहेर गेले नाहीत, पाणी प्यायले नाहीत’. तीन महिन्यांची ती पानं फोटो काढून आम्ही दाव्याला जोडली. कुठल्याही वैद्यकीय शब्दाशिवाय त्यात सगळं होतं.

तुम्हीही तसंच करा. बदललेला पॅड मोजा. जाड पॅड दिवसभर ओला ठेवून ‘एकच वापरतो’ म्हणणारे कितीतरी आहेत. नियमात पॅड बदलावा लागण्याचा प्रश्न आहे. नुसता अंगावर असलेला पॅड मोजून काम भागत नाही. खर्च वाचवायला किंवा लाजेने बदलत नसाल तर तेही लिहा. पॅड दुकानातून आणत असाल तर पावत्या ठेवा. व्हीएच्या दवाखान्यातून मिळत असतील तर महिन्याला किती मागवले याची नोंद तिथेच असते, ती मागून घ्या. पण मागवलेला आकडा आणि सांगितलेला आकडा जुळला पाहिजे. दिवसाला सहा बदलतो असं लिहून महिन्याला साठच मागवत असाल तर उरलेले कुठून आणता हे स्पष्ट करा, नाहीतर तीच विसंगती निर्णयपत्रात येते.

पत्नीने किंवा मुलांनी आपलं निवेदन २१-१०२१० या फॉर्मवर द्यावं. त्यात आजाराबद्दल मत देऊ नका. डोळ्यांनी पाहिलेलं लिहा: रात्री किती वेळा दिवा लागतो, गादीवर प्लास्टिक कधीपासून घातलं, देवळात किंवा मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जाणं का बंद झालं, गाडीने जाताना किती वेळा थांबावं लागतं. असं निवेदन व्हीएला पुरावा म्हणून विचारात घ्यावंच लागतं.

आणि तुमच्या युरॉलॉजिस्टला प्रत्येक भेटीत आकडा सांगा. ‘थोडं गळतं’ असं म्हणू नका. ‘काल पाच पॅड बदलले’ म्हणा. त्यांनी तो नोंदवला का हे ऑनलाइन रेकॉर्डमध्ये घरी येऊन पाहा.

व्हीएच्या तपासणीला जाताना काय लक्षात ठेवायचं?

ही तपासणी उपचारांसाठी नसते. समोरचा डॉक्टर तुम्हाला बरं करायला बसलेला नाही. तो एक छापील फॉर्म भरतो, आणि तोच फॉर्म पुढे निर्णय देणाऱ्याच्या टेबलावर जातो. हा प्रोस्टेट कॅन्सरचा फॉर्म नेटवर आहे. आधी वाचून जा म्हणजे काय विचारणार ते कळेल.

आपल्या लोकांची आणि जुन्या सैनिकांचीही एक सवय इथे घात करते. ‘कसे आहात?’ म्हटलं की ‘एकदम ठीक’. ते ‘ठीक’ फॉर्मवर उतरतं. तुम्ही बरं आणि वाईट दोन्ही दिवसांचं सांगा, पण वाईट दिवस वगळून फक्त बऱ्या दिवसाचं सांगू नका. वाढवूनही सांगू नका. खोटा आकडा दवाखान्याच्या नोंदीशी जुळत नाही आणि मग खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. पत्नी बरोबर असेल तर तिला आत घ्यायची विनंती करा, कारण रात्रीचं खरं तिलाच माहीत असतं.

एका माजी सैनिकाची तपासणी बारा मिनिटांत उरकली होती आणि अहवालात पॅडचा रकाना कोरा होता. त्यांनी घरी येऊन त्याच संध्याकाळी काय विचारलं आणि काय विचारलं नाही हे लिहून ठेवलं. पुढे अपिलात तो कोरा रकाना हाच त्यांचा मुख्य मुद्दा झाला. अपुऱ्या तपासणीवर दिलेला निर्णय परत पाठवला जातो, कारण पुरावा जमवायला मदत करणं हे व्हीएचं कायदेशीर काम आहे.

लैंगिक क्षमता गेली, त्याला शून्य टक्के दिले. मग दावा करण्यात अर्थ काय?

पुष्कळ अर्थ आहे. शस्त्रक्रियेत किंवा रेडिएशनमध्ये नसांना इजा झाली आणि ताठरता येईनाशी झाली तर त्याला स्वतंत्र मान्यता मिळते. टक्के बहुधा शून्यच असतात. पण त्या मान्यतेवर ‘एसएमसी-के’ नावाचा विशेष मासिक भत्ता मिळतो, २०२५ मध्ये तो महिन्याला १३६ डॉलर होता. तो टक्केवारीत मिसळत नाही, वर मिळतो. गोळीने कधीतरी उपयोग होतो म्हणून मागायचंच नाही असं करू नका. ही गोष्ट बोलायला जड जाते, मला माहीत आहे. मुलीसमोर किंवा सुनेसमोर तर नाहीच. म्हणून पुरुषाने ती स्वतः एका ओळीत लिहून डॉक्टरच्या हातात द्यावी. निर्णयपत्रात हा भत्ता राहून गेला असेल तर तेवढ्यावरही अपील करता येतं.

रेडिएशननंतर शौचावर ताबा राहत नाही, रक्त पडतं. हे प्रोस्टेटमध्येच येतं का?

नाही. गुदाशयाचा त्रास वेगळा मोजला जातो. शस्त्रक्रियेचा दुखरा व्रण, मूत्रमार्ग आक्रसणं, हार्मोनच्या इंजेक्शनांनी हाडं ठिसूळ होणं, हे सगळं मूळ आजारामुळे झालेला दुय्यम त्रास म्हणून मागता येतं, फक्त डॉक्टरने तसा संबंध लिहायला हवा.

मनाचंही तसंच. हार्मोन थांबवणाऱ्या औषधांनी माणूस चिडचिडा होतो, रडू येतं, अंगावर गरम लाटा येतात, झोप उडते. गळतीमुळे लोकांत जाणं सुटतं. हे नैराश्य स्वतंत्रपणे ३०, ५०, ७० टक्के मिळवू शकतं. आपल्याकडे ‘वयाप्रमाणे होतं’ म्हणून ते सोडून देतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे एकदा जाऊन निदान करून घ्या. दाव्यासाठी जा म्हणत नाही, त्या माणसासाठी जा. दावा मागोमाग होईल.

डॉक्टरांनी नुसतं लक्ष ठेवायचं ठरवलं आहे, उपचार चालू नाहीत. मग कॅन्सर सक्रिय धरतात का?

हो. बायॉप्सीत कॅन्सर आहे आणि तो अजून शरीरात आहे, तर तो सक्रियच, उपचार न करता निरीक्षणावर ठेवला तरीही. ‘उपचार नाहीत’ एवढंच वाचून कुणी टक्के कमी केले तर हा मुद्दा पुढे करा आणि युरॉलॉजिस्टकडून स्पष्ट ओळ लिहून घ्या की कॅन्सर आहे आणि निरीक्षण हाच सध्याचा उपचार आहे.

पीएसए परत वाढायला लागला तर?

पीएसए हा रक्ततपासणीतला आकडा आहे, त्या एकट्यावर टक्के मिळत नाहीत. पण डॉक्टरने तो कॅन्सर परतल्याचं लक्षण आहे असं निदान केलं, किंवा स्कॅनमध्ये दिसलं, तर पुन्हा १०० टक्क्यांसाठी लगेच अर्ज करा. हार्मोनची इंजेक्शनं चालू असतील तर वाद हमखास होतो: ही कॅन्सरवर चालू आहेत की तो परतू नये म्हणून? डॉक्टरच्या पत्रात ते एका वाक्यात असू द्या.

अपिलाच्या तीन वाटा म्हणतात. आमच्यासाठी कोणती?

१९ फेब्रुवारी २०१९ पासून ही पद्धत आहे. निर्णयपत्राच्या तारखेपासून एक वर्ष मिळतं.

पुरावा कमी पडला असेल तर पुरवणी दावा, फॉर्म २०-०९९५. नवा आणि प्रकरणाशी संबंधित पुरावा जोडायचा. प्रोस्टेटच्या नंतरच्या त्रासांत मी बहुतेकांना हीच वाट सुचवते, कारण इथे चूक बहुधा कायद्याची नसते. पॅडची संख्या, रात्रीचं उठणं, डॉक्टरचं पत्र यांपैकी काहीतरी फाइलमध्ये नसतं.

पुरावा फाइलमध्ये आहे पण वाचणाऱ्याने दुर्लक्ष केलं असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, फॉर्म २०-०९९६. इथे नवा कागद एकही चालत नाही. फोनवर बोलायची संधी मात्र मागता येते, ती मागाच, आणि पान क्रमांकासह चूक दाखवा. लघवीसाठी दिवसा तासाच्या आत जावं लागतं असं तपासणीत लिहिलेलं असताना २० टक्के दिले, तर ते इथे लवकर सुटतं.

तिसरी वाट वॉशिंग्टनच्या अपील मंडळाकडची, फॉर्म १०१८२. तिथे न्यायाधीश पाहतात. आहे त्या फाइलवर निर्णय, किंवा ९० दिवसांत पुरावा जोडून, किंवा सुनावणीसह, असे तीन प्रकार निवडता येतात. सुनावणी मागितली की वाट लांबते. अर्जदार ७५ वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल, गंभीर आजारी असेल किंवा पैशांची खरी ओढाताण असेल तर पुढचा क्रमांक मागता येतो. व्हिएतनामवाल्यांपैकी पुष्कळजण आता त्या वयात आहेत.

मंडळानेही नाकारलं तर १२० दिवसांत माजी सैनिकांच्या अपील न्यायालयात जाता येतं. त्याच्या आधी वकील गाठा.

वर्ष उलटून गेलं. सगळं संपलं?

पुरवणी दावा नंतरही करता येतो. पण थकबाकीची तारीख हातची जाते: मग पैसे नव्या अर्जाच्या तारखेपासून. कागद जमायला वेळ लागणार असेल तर नव्या दाव्यासाठी २१-०९६६ हा ‘दावा करणार आहे’ असं कळवणारा फॉर्म आधी टाका. त्यामुळे तारीख एक वर्ष राखून ठेवली जाते. पुरवणी दाव्यात त्याचा सरसकट उपयोग होत नाही, म्हणून मूळ एक वर्षाचीच मुदत पाळा.

६० आणि ३० मिळून ९० का होत नाहीत?

साडीच्या दुकानात ‘६० टक्क्यांवर आणखी ३० टक्के सूट’ म्हणतात तसं धरा. आधी ६०. मग उरलेल्या ४० चे ३० टक्के, म्हणजे १२. झाले ७२, जवळच्या दहात बसवून ७०. वर मधुमेहाचे २० असतील तर ७८, म्हणजे ८०. हे मुद्दाम सांगते, कारण टाइप २ मधुमेह, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आणि पॅक्ट कायद्यापासून उच्च रक्तदाब हेही एजंट ऑरेंजच्या यादीत आहेत. प्रोस्टेटच्या नादात ते मागायचे राहतात. ३० टक्क्यांपासून पुढे पत्नी आणि अवलंबून असलेल्या मुलांसाठीही रक्कम वाढते.

या त्रासामुळे नोकरीच करता येत नाही.

एकाच आजाराचे ६० टक्के, किंवा एकूण ७० आणि त्यातला एक ४० चा असेल, आणि त्यामुळे पोटापुरती नोकरी टिकत नसेल, तर १०० टक्क्यांच्या दराने रक्कम मिळू शकते, २०२५ मध्ये ती एकट्या माणसाला ३,८३१.३० डॉलर होती. अर्जाचा फॉर्म २१-८९४०. ट्रक चालवणारा, असेंब्ली लाइनवर उभा राहणारा, शाळेत वर्ग घेणारा माणूस दर पाऊण तासाला बाहेर जाऊ शकत नाही, हे पूर्वीच्या मालकाकडून लिहून घेतलं तर वजन येतं.

वकील किती घेतात? एका कंपनीने फोन करून पाच महिन्यांच्या वाढीव रकमेचा करार पाठवला आहे.

सही करू नका. पहिला दावा भरून देण्यासाठी पैसे घेण्याची कायद्याने कुणालाच परवानगी नाही. माजी सैनिकांच्या संघटनांचे आणि काउंटीच्या कार्यालयांतले मान्यताप्राप्त प्रतिनिधी हे काम फुकट करतात. पहिला निर्णय आल्यानंतर वकील किंवा मान्यताप्राप्त एजंट फी घेऊ शकतो. थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतची फी वाजवी मानतात, एक तृतीयांशाच्या वर गेलेली अवाजवी. समोरच्याचं नाव व्हीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते आधी शोधा. नसेल तर बोलणं तिथेच थांबवा.

अपील चालू असतानाच ते गेले.

त्यांचा दावा त्यांच्याबरोबर संपत नाही. मृत्यूपासून एक वर्षाच्या आत पत्नीने त्यांच्या जागी उभं राहण्याचा अर्ज, २१पी-०८४७, करायचा. मग ती नवा पुरावाही देऊ शकते. कॅन्सरमुळे मृत्यू झाला असेल तर विधवेला वेगळी मासिक रक्कम मिळते, अर्ज २१पी-५३४ईझेड.

इथे मृत्यूचा दाखला नीट वाचा. दाखल्यावर नुसतं ‘न्यूमोनिया’ किंवा ‘हृदयक्रिया बंद’ लिहिलेलं असतं आणि हाडांत पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर कुठेच नसतो. ज्या डॉक्टरने सही केली त्याच्याकडून दुरुस्ती मागता येते, किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरचं पत्र जोडता येतं की कॅन्सरमुळे शरीर खचून मृत्यू ओढवला. कॅन्सरचा मृत्यूत मोठा वाटा होता एवढं पुरतं, तो एकमेव कारण असायला नको. दुःखाच्या दिवसांत विधवेला हे कागद सुचत नाहीत. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ही जबाबदारी उचलावी.

आम्ही निवृत्तीनंतर पुण्यात राहायला आलो. रक्कम बंद होते का?

नाही. भरपाई परदेशातही मिळते आणि अपीलही करता येतं. मान्य झालेल्या आजाराचे उपचार भारतात केले तर व्हीएच्या परदेशी वैद्यकीय योजनेतून खर्च परत मागता येतो, त्यासाठी आधी नोंदणी करा आणि इस्पितळाकडून निदान व उपचार लिहिलेलं तपशीलवार बिल इंग्रजीत घ्या. पत्ता बदलल्याचं व्हीएला लगेच कळवा, कारण ३० आणि ६० दिवसांची मुदत पत्राच्या तारखेपासून चालते, ते कोथरूडला कधी पोचलं यावरून नाही.

माझे वडील भारतीय सैन्यातून निवृत्त आहेत. हे नियम त्यांना लागू होतात का?

नाहीत. भारतीय सैन्याची अपंगत्व पेन्शन पूर्ण वेगळी आहे: तिथे वैद्यकीय मंडळाचं मत, सैन्याकडची अपिलं आणि शेवटी सशस्त्र सेना न्यायाधिकरण, ज्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. सुरुवात तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करा, जाताना सेवापुस्तक, पेन्शनचा आदेश आणि निवृत्तीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल बरोबर ठेवा.